बापाच्या हाका

आयशाबीचा कोणावरच भरवसा नव्हता, आणि चांदूर रेल्वेच्या त्या सभागृहात दुपारी जमलेल्या माणसांवर तर मुळीच नव्हता. तिची लेक निखत शाळेत हंगामी संगीतशिक्षिका. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नारळ द्यायचा, हे आजचं समूहगान ऐकून संस्थेचे अध्यक्ष खुशालराव ठरवणार होते. आणि या शहाण्या पोरीनं निवडलं काय? सालं अशी होती की तालुक्यात आज या गावात, उद्या त्या गावात कर्जापायी कर्ता माणूस गेल्याची बातमी. त्या घरांतल्या पोरी निखतनं गोळा केल्या, बाप शेतातून हाक कशी मारायचा ते एकेकीला विचारलं, आणि त्या हाकांचंच गाणं बांधलं.

मेलेल्यांचा तमाशा मांडला म्हणतील, तोही आपल्या घरच्या पोरीनं, असं आयशाबीनं हजारदा बजावलं होतं. निखत नुसती हसायची. हसायला काय जातं!

पडदा सरकला. एका पोरीनं एकटीनं लांब सूर लावला, "चिमेऽ, भाकर आन वंऽ!" तीच हाक बाकीच्यांनी उचलली, कोणी वर, कोणी खाली, आणि शेताच्या धुऱ्यावर कोणी खरंच उभं असावं तशी ती सभागृहभर फिरली. मग दुसरी, "ठकेऽ, बैलायले पानी दाव वंऽ!"

 आयशाबीचं मंचाकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीशी उभी राहून माणसं न्याहाळत होती. दोन बाया कुजबुजल्या, त्या निखतबद्दलच, दुसरं काय बोलणार? देवमन कंडक्टरनं दुपट्ट्यानं नाक पुसलं, तिला वाटलं मुरडलं. पुढच्या रांगेत माणिकबाई होती. बाजारात आयशाबीच्या बांगड्यांच्या दुकानासमोर ती भाजी विकायची. तिचा मुलगा योगेश पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला, आणि त्याची लेक खुशी मंचावर शेवटच्या जागी उभी होती. माणिकबाईचा चेहरा दगड झाला होता. ही आता उठून शिव्या देते की काय, म्हणून आयशाबी भिंतीपासून दोन पावलं पुढे सरकली.

तेवढ्यात खुशालराव वाकले. त्यांचा हात पायाशी गेला. शेजारचाही वाकला, मग देवमन, मग रांगच्या रांग. सगळे चपलांना हात घालत होते! मागच्याच महिन्यात असं रडवायला आलेल्या एका कॅमेरावाल्याला याच लोकांनी चपला उगारून पिटाळलं होतं. आयशाबीनं तो प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. आता तिला आणखी काही पाहायची गरज वाटली नाही.

ती पळतच मंचावर चढली आणि निखतचं मनगट धरलं.

"चल! पीछे के दरवाजे से चल!"

"अम्मी, छोडो ना!"

गाणं तुटलं. पोरी भांबावून बाईंकडे पाहू लागल्या. पहिली चप्पल कुठून येते ते पाहायला आयशाबी वळली.

एकही चप्पल हवेत नव्हती. सगळं सभागृह उभं होतं, आणि चपला खुर्च्यांखाली सारलेल्या होत्या. दारावरून तिरडी जाताना माणसं चपला काढून उभी राहतात, तशी ती उभी होती. आयशाबीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच! योगेशला नेलं तेव्हा ती स्वतः दुकानाच्या पायरीवर अशीच उभी राहिली होती. पण आज संशयानं तिचे डोळेच बांधले होते.

खुशालराव हात जोडून, मान खाली घालून उभे होते. माणिकबाई मात्र सरळ मंचाकडे पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आयशाबीला जास्त लागलं.

"आयशाबी, सोड वं पोरीचा हात," ती म्हणाली. "कावून ओढून राहिली तिले? खुशीची पाळी राह्यली ना. माह्या योगेशची हाक आयकाची हाय मले."

आयशाबीनं मनगट सोडलं.  त्या अख्ख्या सभागृहात पायात चपला असलेली ती एकटीच होती. त्या काढायला ती वाकली, तोच निखतनं हात वर केला, आणि खुशीनं सूर लावला.