खुर्चीचा आजार

"सव्वातीन इंच!" भिंतीवरच्या लाकडी पट्टीपाशी उभा असलेला, पांढऱ्या कपड्यांतला बाबांचा चेला ओरडला, आणि सभागृहातली दोनशे माणसं टाळ्या पिटत उभी राहिली.

सव्वातीन इंच काय, तर रोग. एका बाईचा दमा आज सव्वातीन इंच उतरला होता. पुरावा समोर टांगलेलाच होता. सकाळी पट्टीवर बरोबर चाळीस इंच भरलेली जाड निळी जीन्स आता पावणेसदतीसवर आली होती. टबातल्या पाण्याची शाई झाली होती, आणि बाईंचे पाय कमरेपासून खाली निळेशार.

"हे बघा विष!" बाबा पाण्यात बोट बुडवून म्हणाले. "इतकी वर्षं हे तुमच्या अंगात मुरलं होतं आणि डॉक्टर काय करत होते? गोळ्या मोजत होते! अरे, गोळीनं रोग दबतो. माझी विजार रोगाला आवळते, पिळते आणि बाहेर काढते!"

उपचार तीन स्नानांचा. अंगणात विकायला ठेवलेली कोरी विजार घालून गरम पाण्यात अर्धा तास बसायचं. मग विजार पडद्यामागे यंत्रात वाळायची, तोवर प्रवचन ऐकायचं आणि शेवटी मोजमाप. पहिल्या स्नानाला रोग सव्वातीन इंच उतरायचा, दुसऱ्याला पाऊण, तिसऱ्याला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आत काही उरलंच नाही! शिवाय विजारीची बाजूची शिवण फिरून नडगीवर यायची. तो म्हणे रोगाचा पीळ.

शेवटच्या रांगेत धाकटी नखं कुरतडत बसली होती. तिचा पाय सारखा हलत होता, त्यामुळे अख्खं बाक हलत होतं आणि शेजारच्या बाईनं तिला दोनदा डोळे वटारून दाखवले होते. आज तिच्या ताईचं तिसरं स्नान होतं.

"शून्य!" चेला ओरडला. ताईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला.

ताईला मधुमेह होता. उजव्या पायाच्या करंगळीशी जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज मलमपट्टी, पाय पाण्यात भिजवायचा नाही, आठ दिवसांनी दाखवायला या. त्या आठाचे आता वीस झाले होते. गोळ्या फडताळात मागे गेल्या होत्या.

"पाय दाखव बघू," घरी येताच धाकटी म्हणाली.

"बघ की. दुखतसुद्धा नाही आता."

"दुखत नाही हीच तर भीती आहे, ताई! तुला गरम पाण्याचा चटका तरी कळला का?"

पाय निळा होता. त्या निळाईखाली जखम लाल आहे की काळी, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वास मात्र येत होता.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"शून्य आलंय माझं," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर आलंय. तू जन्मभर कापड तपासलंस, तुला कापडातलं कळतं. रोगातलं काय कळतं तुला?"

जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात धाकटी खरोखरच कापडाची तपासनीस होती, बारा वर्षं. काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून तिनं दोरीवरची ताईची विजार ओढली आणि सवयीनं आतली शिवण उलटून पाहिली. कापडाच्या पांढऱ्या काठात दोन पिवळे धागे होते.

हे धागे तिच्या ओळखीचे होते.

कारखान्यात कापडाचा नवा ताका आला की त्यातून वीतभर तुकडा कापायचा, त्यावर शाईनं चौकोन आखायचा, तुकडा तीनदा धुऊन वाळवायचा आणि दर वेळी चौकोन मोजायचा, अशी रीत होती. चार महिन्यांपूर्वी काठात असेच पिवळे धागे असलेले चाळीस ताके तिनंच नापास केले होते. मिलनं ते आधी आकसवून घेतलेलेच नव्हते. पहिल्या धुण्याला शंभरात आठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला शून्य. चाळीस इंचांत शंभराला आठ म्हणजे जवळजवळ सव्वातीनच की!

सकाळी कारखाना उघडायच्या आत ती तिथल्या भांडारवाल्याच्या दारात.

"ते ताके? विकले," तो जांभई देत म्हणाला. "पांढऱ्या कपड्यातली माणसं आली होती. म्हणाली, आखडणारंच कापड पाहिजे, रंग सोडणारं असलं तर फारच उत्तम. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्यांच्या."

ताईला हे सांगून उपयोग नव्हता. ताईनं डोळ्यांनी चमत्कार पाहिला होता, आता उलगडाही डोळ्यांनीच बघायला हवा होता. धाकटीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ताईची धुतलेली विजार पिशवीत कोंबली आणि ताईला हाताला धरून सभागृह गाठलं. अंगणात एक कोरी विजारही घेतली.

"बाबा, एक शंका आहे," ती उभी राहून म्हणाली. "गुण विजारीचा की माणसाचा? म्हणजे, ही विजार चालेल की तीच पाहिजे?"

"बाळ, वस्त्र कोणतंही चालतं," बाबा प्रेमानं म्हणाले. "रोग माणसात असतो."

"मग ही एक विजार या काकांना द्या." पुढच्या रांगेतले, गुडघे धरून बसलेले निवृत्त स्टेशनमास्तर आनंदानं उठले. दोन्ही विजारी चेल्याकडून पट्टीवर मोजून घेऊन तिनं त्यांना ताईची तीन पाण्यांतून निघालेली विजार दिली. "आणि ही दुसरी..."

तिनं शेजारची लाकडी खुर्ची उचलली, तिच्या पुढच्या दोन पायांत कोरी विजार चढवली आणि खुर्ची सरळ टबात ठेवली. कुणीतरी फिसकन हसलं. बाबा हसले नाहीत. पण दोनशे माणसं माना उंचावून बघत होती, त्यामुळे त्यांना नाहीही म्हणता येईना. स्टेशनमास्तर शेजारच्या टबात उतरले.

त्या दिवशीचं प्रवचन कुणी ऐकलं नाही, खुद्द बाबांनीसुद्धा नाही. दोनदा ते वाक्य मध्येच विसरले. धाकटी पडद्याला नाक लावून उभी होती, विजारी बदलल्या जाऊ नयेत म्हणून. अंदाज चुकला तर ताई पुन्हा कधीच तिचं ऐकणार नव्हती.

पहिली विजार पट्टीवर टांगली. "शून्य!" चेला सवयीनं ओरडला. दुसरी टांगली. "सव्वातीन इंच!" आणि मग आपण काय ओरडलो हे त्याच्या लक्षात आलं.

खुर्चीचे दोन पाय निळे झाले होते.

"या खुर्चीवर शेकडो आजारी बसले आहेत," बाबा घाईघाईनं म्हणाले. "तिनं त्यांचा रोग शोषलाय!"

दोन-चार माना डोलल्यासुद्धा. तेवढ्यात स्टेशनमास्तर कण्हत उभे राहिले. "खुर्चीला सव्वातीन आणि मला शून्य? अहो, मला उठवायला दोन माणसं लागतात! माझे गुडघे काय बरे होऊन आले होते?"

सभागृह खदखदून हसलं. त्या हसण्यात धाकटीची भीती गेली. "विणताना सूत ताणलेलं असतं," ती म्हणाली. "गरम पाणी लागलं की ते सैल पडून आखडतं. पहिल्यांदा खूप, मग थोडं, मग संपलं. धागे तिरके विणलेले असतात म्हणून शिवण फिरते. आणि पाण्यात उतरते ती नीळ आहे, सुताला वरवर लावलेली. कोरी जीन्स पहिल्यांदा वेगळी धुवा, असं प्रत्येक दुकानदार सांगतो. कशासाठी सांगतो?"

बाबा पडद्यामागे गेले ते बाहेर आलेच नाहीत. धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. ताई तिच्याकडे बघत होती.

"रिक्षा बोलाव," ताई हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी साबण आणि कापूस घेतला आणि पाय पुसायला सुरुवात केली. अंगठ्याची निळाई गेली, कातडी दिसली. दुसरं बोट, तिसरं, चौथं, सगळी हळूहळू मूळ रंगावर आली. करंगळी तशीच राहिली. बाईंनी पुन्हा घासलं. पाणी आता स्वच्छ निघत होतं. करंगळी काळीच होती.

"हा रंग विजारीचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाय वाचला. करंगळी गेली. सांगितल्या दिवशी आली असतीस तर तीही वाचली असती, हे बाईंनी ताईला तोंडावर सांगितलं, आणि बरं केलं.

ती विजार ताईनं फेकली नाही, आठवण म्हणून ठेवली. अजून कुणी ना कुणी तिच्याकडे येतं. कुठं कुणी पाण्यानं बरं करतो, कुणी अंगाऱ्यानं, जाऊ का, असं विचारतं. ताई कुणाला नाही म्हणत नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवत नाही. नुसतं पायावरचं पांघरूण बाजूला करते, चार बोटं दाखवते आणि म्हणते, "जा की. पण आधी तोच उपचार एकदा खुर्चीवर करून बघ. खुर्ची बरी झाली, तर सरळ डॉक्टरकडे जा."