दहाच्या नोटेचं बारसं

"रंगराव मोडून देता का, शालनबाई?"

पगाराचा दिवस होता. गिऱ्हाइकाने दहाची नोट पुढे केली आणि शालनबाईंनी चहाचा आणा कापून सुट्टे दिले. पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकापासून चाकणच्या कांदाबाजारापर्यंत दहाच्या नोटेला आता 'रंगराव' म्हणत. हे बारसं शालनबाईंनीच केलं होतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

रंगराव हा बांधकामावरचा मुकादम. काम हवं असलेल्याने विड्यात दहाची नोट घालून द्यायची आणि याने विडा तोंडात, नोट खिशात टाकायची, अशी रीत. शालनबाईंच्या नवऱ्याने, सोनबाने, शेळी विकून तो विडा दिला. कामावर लागला पंधरा देणारा दुसराच. नोटही परत मिळाली नाही. सोनबा दगडखाणीवर गेला आणि तिसऱ्या दिवशी दगडाखाली सापडून मेला.

शालनबाईंनी फाटकासमोर चहा मांडला. पहिल्याच पगाराला कोणी दहाची नोट काढली, तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आला बघा रंगराव. दहा रुपयाचा मानूस." लोक पोट धरून हसले. महिन्याभरात ते नाव बाजारात गेलं.

दोन वर्षांनी रंगराव स्वतः आला. खेडच्या पाहुण्यांनी त्याच्या मुलीची सोयरीक मोडली होती. लाचेच्या नोटेला ज्याचं नाव, त्याची मुलगी नको म्हणाले. म्हणाल ते देतो, पण हे थांबवा, असं तो विनवत होता.

"माज्या हातात न्हाई ते आता," शालनबाई म्हणाल्या. "आन असतं, तरी थांबवलं नसतं."

मुलीचं त्यांना वाईट वाटलं. पण बापाची खाली गेलेली मान पाहून जीव गार झाला, खोटं कशाला सांगायचं? रंगराव गाव सोडून गेला.

पुढे एकदा नांदेडकडचा नवा कामगार चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, हा रंगराव कोण होता? लई दानी असंल. उगंच का नोटेला नाव देतेत?"

शालनबाईंनी किटली खाली ठेवली. त्यांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या मालकाचं नाव काय होतं?"

बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये, म्हणून ते त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. वैऱ्याचं मात्र दिवसातून पन्नासदा घेतलं होतं. पंचक्रोशीला एक नाव पाठ झालं, आणि ते भलत्याचंच.

"सोनबा," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात भोंगा झाला. कामगार कप ठेवून फाटकाकडे पळाला. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शालनबाईंनी भोंगा थांबू दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहत ते नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.