लाख वाती

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, कामगार वस्तीतल्या बायकांचा फुरसतीचा वेळ. साल १९५६. आमच्या वर्गात असला नवाकोरा विषय दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र बजावलं होतं, "सुनंदा, यंदा प्रबंध पुरा झाला नाही तर शिक्षण बंद. लोकांची फुरसत मोजण्यात तुझं लग्नाचं वय जायला नको."

मुलुंडच्या एका चाळीत मी महिनाभर प्रश्नांचे कागद घेऊन हिंडले. सगळी वस्ती कोकणातली. एकोणतीस बायकांनी एकच उत्तर दिलं, "फुरसत? आमका खंयची?" मी आपली शून्यं लिहीत गेले. सरांनी कपाळाला हात लावला. "एक तरी भरलेला कागद आण, त्यावर प्रबंध उभा करू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." शिवाय प्रत्येक कागदाखाली घरातल्या वडीलधाऱ्यांची सही हवी, हा त्यांचा नियम. मला पुढचं वर्षच नव्हतं, पण ते त्यांना कसं सांगणार?

तिसावी जानकी. तिची सासू रत्नप्रभा शेजारी गेली होती. दुपारचे अडीच वाजले होते. उंबऱ्याशी बसून जानकी वाती वळत होती. कौलांतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना काही घाई नव्हती. देवाला लाख वाती वाहायच्या, असं तिचं व्रत. चार वर्षं झाली तरी लाख भरले नव्हते.

"असं कसं गं?" मी विचारलं.

ती लाजली. "मोजता मोजता चुकतंय. मगे परत एकापासून."

"लक्ष कुठे असतं तुझं?"

तिने दाराबाहेर पाहून घेतलं. "हात हंय. मी आचऱ्याच्या खाडीर. बापूस वल्ह्यार आसता, मी पाण्यात पाय सोडून बसतंय. पाणी कोमट लागता."

मग ती बोलत राहिली. माडांच्या सावल्या, पलीकडच्या तीरावरून येणारी कुणाची तरी हाक, पायाला गुदगुल्या करणारे मासे. मीही पेन्सिल विसरून तिच्या होडीत जाऊन बसले. चाळ, भाऊ, प्रबंध सगळं मागे काठावर राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. इतकं छान मला वर्षभरात कुठल्याच पुस्तकात वाटलं नव्हतं.

भानावर आले आणि भराभर लिहिलं, रोज दोन तास. माझं वर्ष वाचलं होतं!

जानकीने माझा हात धरला. "लिवू नको गो. वाती वळतंय म्हणान माका कोण उठवणा नाय. फुरसत म्हटल्यार म्हातारी दळणाक बसवतली."

तेवढ्यात रत्नप्रभा आलीच. ती चौथी शिकलेली, अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सही करत नसे. "दी बघू कागद," म्हणाली. जानकीचे हात थांबले. वातींची मोजणी पुन्हा चुकली असणार.

मला जानकीचा राग आला, स्वतःचाही आला. मग मी खोडरबर काढलं, दोन तास पुसले आणि शून्य घातलं.

रत्नप्रभाने बोट ठेवून ते वाचलं. पुसल्याची खूण तिथे स्पष्ट दिसत होती. तिने सही केली. जानकी चहा टाकायला आत गेली, तशी म्हातारीने कापूस आपल्या मांडीवर ओढला.

"आता माझो कागद भर, चेडवा," ती हळूच म्हणाली. "माझाय शून्यच लिव. चाळीस वर्षां झाली, माझे तरी लाख खंय भरले?"

आता माझं शिक्षण संपलं, हे मला कळत होतं. रडू येत होतं. पण मी नवा कागद काढला आणि तिचं नाव लिहायला घेतलं.