मऊ नाकाची गोळी

"ही नको काकू, ती द्या. तांब्याची, अख्खी झाकलेली." गोरक्षने काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं. "आज चार वाजता मक्यात डुकरांचा हाका हाय. परवाना आणलाय वनखात्याचा, हा बघा."

मंगलाबाईंनी परवाना वाचला. डुकरांनी सगळा मका लोळवला होता, त्याचाच तो परवाना. त्यांनी पाटी ओढली आणि खडूने लिहिलं, 'सॉफ्ट-नोज घ्या.'

चातुर्मासातल्या दर सोमवारी बारा वाजेपर्यंत त्यांचं मौन असायचं. मालक गेल्यावर बंदुकांच्या दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर झाला, त्या वर्षापासून. हिंसेच्या वस्तू विकायच्या तर एवढं तरी देवाला द्यावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. गिऱ्हाइकांनाही आता त्याची सवय झाली होती.

गोरक्ष हसला. "मऊ गोळी? मागच्या खेपेला तीच नेली होती. डुकराच्या खांद्याची ढाल केवढी जाड! तिथंच फुटली बघा. डुकरानं माझा कुत्रा उभा फाडला. आरपार जाईल अशीच द्या."

आरपार. तोच तर घोर होता. मालक सांगायचे, आधी शिकार कशी ते विचारायचं आणि मगच खण उघडायचा. जुन्या काळी हरणांचे हाके व्हायचे, तेव्हा ही तांब्याची कडक गोळी हरणातून सुईसारखी निघून जायची आणि जनावर कुठेतरी लांब जाऊन तडफडायचं. डुकराला कडक गोळी चालते, पण एकट्याने मचाणावर बसणार असशील तर. हाक्यात जनावराच्या मागे डबे बडवणारी माणसं असतात. मऊ नाकाची गोळी जनावरातच उमलते आणि तिथेच थांबते.

हे सगळं पाटीवर कसं मावायचं? त्यांनी पुन्हा खडू उचलला.

"काकू, जीप उभी हाय."

घड्याळात दहा वाजले होते. शब्द जिभेपर्यंत आला होता. त्यांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, ओठ मिटले आणि तांब्याच्या गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं.

मग दोन तास काही सुचेना. दोनदा त्या पायरीपर्यंत जाऊन परत आल्या. बाराचे ठोके पडले. एरवी मौन सुटताना पहिलं रामाचं नाव निघायचं, आज निघालं, "भिकनभाऊ, गोरक्षला फोन लावा!"

दुकानातल्या बंदुका साफ करणारा म्हातारा भिकन पूर्वी हाक्याला जायचा. सकाळचं सगळं ऐकून त्याच्या हातातलं फडकं खाली आलं. "हाक्याला ती गोळी? बाई, समोर माणसं असत्यात!"

गोरक्षच्या घरी फोन नुसताच वाजत राहिला. सॉफ्ट-नोजचं पाकीट पिशवीत टाकून दोघं दिंडोरीची काळी-पिवळी जीप गाठायला निघाली.

जीप भरेपर्यंत हलेना. "तीन शिटं बाकी हायेत मावशी," ड्रायव्हर म्हणाला. मंगलाबाईंनी माळ ओढायला घेतली; दहाव्या मण्याला विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा विसरल्या. दिंडोरीला उतरून पुढे रिक्षा केली, ती शिवाराच्या वाटेवर रुतली. शेवटचं अंतर त्या चालल्या कसल्या, पळाल्याच. मक्यातून डब्यांचा खडखडाट आणि आरोळ्या येत होत्या.

"थांबा! गोरक्ष, थांब!" एवढा मोठा आवाज आपला आहे हे त्यांना स्वतःलाच खरं वाटेना.

तेवढ्यात बार झाला.

बांधाजवळ डुक्कर कोसळलं. गोरक्षने हात उंचावला. आणि डबे एकेक करून गप्प झाले.

डबे बडवणाऱ्यांतल्या सोमाला दोघांनी धरून आणलं. पेठकडचा माणूस, दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला यायचा. उजव्या दंडाला गुंडाळलेला टॉवेल लालभडक झाला होता.

"काय नाय, नुसतं घासून गेलं," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?"

"तारेनं," गोरक्ष पटकन बोलला. "कुंपणाची तार."

सोमाने मान खाली घातली. छाटणीचं काम गोरक्षच्याच बागेत होतं.

डॉक्टरांनी जखम पुसली. "बोटं हलवा."

अंगठा हलला. दोन बोटं हललीच नाहीत.

भिकन मंगलाबाईंच्या कानाशी आला. "बाई, गप ऱ्हावा. पोलीस येतील. दुकानाला सील लागंल. या वयात काय करणार तुमी?"

परिचारिकेने सुईत दोरा ओवला. डॉक्टर म्हणाले, "तारच आहे ना? मग टाके घालतो."

"तार नाही," मंगलाबाई म्हणाल्या. नेहमीच्याच हळू आवाजात. "गोळी आहे. रायफलची. डुकरातून निघून आलेली. आत तांब्याचे, शिशाचे तुकडे असतील."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "तुम्ही कोण?"

"माझ्या दुकानातली गोळी आहे. मी दिली. लिहून घ्या, सही करते."

गोरक्षचा चेहरा उतरला. "काकू, हेच सकाळी तोंडानं बोलला असतात तर..."

"हो रे," त्या म्हणाल्या. "बोलायला हवं होतं."

नाशिकला हलवायचं ठरलं. रुग्णवाहिकेत मंगलाबाईंना सोमाचा हात वर धरून ठेवायला आणि त्याला झोपू न द्यायला सांगितलं होतं. सोमाचे डोळे सारखे मिटत होते.

"सोमा, घरी कोण कोण असतं?"

"आई... दोन पोरी."

"पोरींची नावं सांग."

तो सांगत गेला, अडखळत. त्याचं थांबलं की त्या बोलायच्या. पंचवटीतल्या भाजीबाजाराचं, आपल्या सासूबाईंच्या रागाचं, जे सुचेल ते. घसा कोरडा पडला, खांदे भरून आले, तरी त्यांनी त्याचा हात खाली येऊ दिला नाही.

"बाई," मध्येच सोमा म्हणाला, "कात्री ह्याच हातात धरतो मी."

त्यांनी त्याच्या त्या दोन गार बोटांभोवती आपली मूठ मिटली.

"थोरलीचं सांग ना," त्या म्हणाल्या. "शाळेत जाते का?"