यंदा मी फुटलो नाही

मित्रांनो, मी बेल्याच्या शिवारातला एक जुना धुरा आहे, म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध. या जगाचा भार माझ्यावर आहे. सध्या तरी शकुबाईच्या शेळीचा आहे, आणि ती गाभण आहे.

माझ्या वरच्या अंगाला शकुबाई-चंपतरावांचं वावर, खालच्या अंगाला लक्ष्मणरावांचं. दोघेही शेजारी सज्जन. दर उन्हाळ्यात नांगरताना प्रत्येक जण माझ्या कुशीतून नांगराची एक ओळ हळूच आपल्याकडे ओढून घेई. याला इकडे चोरी म्हणत नाहीत, शेती म्हणतात. मी झिजत झिजत भाकरीच्या काठाएवढा उरलो.

पूर्वी ते खपलं. झड लागायची, पाणी सावकाश जिरायचं. आता आभाळ महिनाभर रुसतं आणि महिन्याचा पाऊस एका दुपारी ओततं. टपोरे थेंब ढेकळं फोडतात, मातीची तोंडं बुजतात, पाणी जिरायच्या आत पळत सुटतं. आणि जाताना रिकाम्या हाती जात नाही. गेल्या साली मी फुटलो. चंपतरावांची काळी माती कपाशीच्या पऱ्हाटीसकट खाली गेली. वर मुरूम दिसू लागला.

चंपतराव खाली गेले. "लक्ष्मणराव, माही माती तुमच्या वावरात हाय."

"असंन ना भाऊ. ओळखून घ्या अन् घेऊन जा."

घरी शकुबाई म्हणाली, "एका ओळीपायी वावर गेलं! आणखी एकडाव असं झालं तं मुरमात काय पेरता, गोटे?"

उन्हाळ्यात त्या नवरा-बायकोने दगडमाती घालून मला उभं केलं, अंगावर गवत लावलं, जास्तीच्या पाण्याला कडेने दगडी वाट दिली.

यंदा श्रावणात तसाच पाऊस आला. पाणी माझ्या छातीला भिडलं. पोत्याची खोळ घेतलेली शकुबाई ओरडली, "धर रे बाप्पा, धर!"

मी धरलं! गढूळ पाणी माझ्यापाशी थांबलं, गाळ खाली ठेवून शिस्तीत दगडी वाटेने निघून गेलं. पऱ्हाटी उभी राहिली. शकुबाईने भर पावसात मला हळदकुंकू वाहिलं. ते लगेच वाहून गेलं, पण मान मिळाला.

लक्ष्मणराव भिजत वर आले. "काऊन नाही टिकन? अर्धा धुरा आमचा हाय!"

मित्रांनो, धुरा कोरू नका. माती घडायला पिढ्या लागतात, जायला एक दुपार पुरते.

लक्ष्मणराव बराच वेळ माझं कौतुक करत उभे होते. त्यांच्या वावराच्या खालच्या अंगाला धुरा नाही. तिथली माती तोवर पैनगंगेला लागली होती.