हिल्डाची रांग

अबुधाबीला बहिणीकडे आलेल्या रेजिनाने बॅगेतून सुकेळ्यांचं, गावच्या सुकवलेल्या केळ्यांचं पुडकं काढून ओट्यावर ठेवलं, तेवढ्यात हिल्डाचा फोन पुन्हा वाजला. सायमन सरांचा. हिल्डाने तो पालथा ठेवला.

"घे की," रेजिना म्हणाली. "माझ्याबद्दलच असेल."

तिचं खरं होतं. वसईकडे ती नगरसेविका होती. पावसाळ्यात पाड्यावरची एक मुलगी भोंदू डॉक्टरकडे गर्भ पाडायला गेली आणि दगावली. रेजिनानेच तिला लहानपणी धर्मशिक्षण दिलं होतं. त्यानंतरच्या सभेत रेजिना म्हणाली की सरकारी दवाखान्यात सुरक्षित गर्भपाताची सोय हवी. तेवढ्याच वाक्याची क्लिप अबुधाबीच्या मराठी प्रार्थनागटापर्यंत पोहोचली.

गटाचे प्रमुख सायमन सर बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. असं बोलणाऱ्या पुढाऱ्यांना अमेरिकेत काही बिशप मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्तप्रसाद देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यावर कुणीतरी विचारलं की अमेरिकेचे पुढारी आपल्या मिस्सेला कधी येतात. सगळे हसले. सर हसले नाहीत. "आपली एक येतेय ना," ते म्हणाले, "आणि वाटणारी तिचीच बहीण."

मिस्सेत फादरांना ख्रिस्तप्रसाद वाटायला मदत करणाऱ्यांत हिल्डा होती. आठवडाभर ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. नमुन्यावर नाव असे, चेहरा नसे. तरुणपणी इथे आली, लग्न राहून गेलं. रविवारी मात्र चेहरे तिच्यासमोर येत, हात पुढे करत, आणि त्या हातांवर ती हलकेच पांढरी चकती ठेवी. एवढं एकच काम तिने स्वतःसाठी ठेवलं होतं.

तिने फादरांना विचारलं होतं. रांगेत उभ्या माणसाचं मन मला दिसत नाही, एवढंच ते म्हणाले. सरांनी मात्र बजावलं, की रेजिनाला दिलंत तर मी वर बिशपांना कळवीन, मग तुमची सेवा खलास.

जेवताना हिल्डा म्हणाली, "रेजी, उद्या तू फादरांच्या रांगेत जाशील?"

रेजिनाने माशातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"म्हणजे तुझे हात सुटले."

"तसं नाही गं."

"कन्फेशनला जा, असंही म्हणशील. काय सांगू तिथे, ताई? ती मुलगी आधी माझ्याकडेच आली होती. मी तिला म्हटलं, प्रार्थना कर."

रात्री हिल्डाने ठरवलं, रेजी आपल्याच रांगेत आली तर द्यायचं, हात खाली ठेवून, कुणाच्या लक्षात येणार नाही असं.

सकाळी दोघी टॅक्सीने चर्चला गेल्या. आवारात गर्दी होती. आत सुरुवातीचं गीत चालू झालं, तशी हिल्डा लगबगीने आत जायला वळली. रेजिना जागेवरच थांबली. तिने पर्समधून एक सुकेळं काढलं, पानाचं वेष्टन सोडवलं आणि खायला लागली.

ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नसतं. धर्मशिक्षण देणाऱ्या रेजिनाने हे किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल.

"आता मला घेताच येणार नाही," रेजिना म्हणाली. "तू उभी राहा कुठेही."

लहानपणी दोघी मिस्सा-मिस्सा खेळत. हिल्डा फादर व्हायची, सुकेळ्याच्या चकत्या कापायची आणि धाकटीच्या जिभेवर ठेवायची. चावायचं नाही, विरघळू दे, असं दटावायची. सुकेळं कधी विरघळायचं नाही. रेजिना डोळे मिटून बराच वेळ तशीच बसायची.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हिल्डा वेदीसमोर डावीकडच्या बाजूला उभी राहिली. दुसऱ्या बाकावरून सायमन सर पाहत होते. रांग पुढे सरकत होती. ख्रिस्ताचे शरीर. आमेन. ख्रिस्ताचे शरीर. आमेन. फादरांची रांग सोडून रेजिना याच रांगेत आली होती.

ती समोर आली, तेव्हा हिल्डाच्या बोटांत चकती होती. हिल्डाने ती उचलली, रात्री ठरवलं होतं त्याहून वर, सरांना दिसेल इतकी.

"ख्रिस्ताचे शरीर."

रेजिनाने दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले होते. ज्यांना अजून प्रसाद घेता येत नाही ती लहान मुलं आशीर्वादासाठी धरतात, तसे. तिने मान खाली केली.

हिल्डाने चकती पात्रात परत ठेवली आणि अंगठ्याने बहिणीच्या कपाळावर क्रूस काढला. इतक्या जवळून तिच्या श्वासाला सुकेळ्याचा वास येत होता. मग रेजिना बाजूला झाली आणि पुढच्या माणसाने हात पुढे केले.