मी आखलेला तलाव

मित्रांनो, एके काळी मी अठ्ठावीस मीटर लांब होतो. आज जेमतेम दोन हात उरलो आहे, तोही उभी चीर देऊन एका स्टीलच्या दांड्यावर चढवलेला. तरी माझी कीव करू नका. मी एक जुना हिरवा रबरी पाइप आहे, आणि या घराच्या मागच्या अंगणात जो पोहण्याचा तलाव दिसतो आहे ना, त्याचा आकार मी ठरवला आहे. म्हणजे मी आणि आजोबांनी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे रबर कणकेसारखे मळून त्यांनी मला एका गोल भोकातून बाहेर ढकलले. तेव्हापासून मला वळण माहीत आहे, कोपरा मात्र माहीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मग दुकान, मग हे घर आणि स्वयंपाकघरामागचा नळ. कुंपणाची झुडपे मी वाढवली, गाडी धुतली, घरातल्या छोटीला न्हाऊ घातले. ती सारखी गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझी धार अंगावर घेताना ती अशी किंचाळे की शेजारचे डोकावून बघत.

आणि संध्याकाळी तिचे आजोबा येत. ते गावातल्या मोठ्या तलावावर पोहायला शिकवत. गळ्यात शिट्टी, अंगाला तलावातल्या औषधाचा वास आणि आवाज असा की घरातही कुणी कोपर टेकून बसले तर दचकून सरळ होई. घरात शिरण्याआधी ते माझ्या पाण्याने पाय धूत आणि म्हणत, "गडी कामाचा आहे." एवढ्या कौतुकावर मी आठवडाभर ताठ असायचो.

पण दिवस सारखे राहत नाहीत. एका उन्हाळ्यात मी मधोमध फुटलो. भिंगरीच्या बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मला सांधले खरे, पण सांध्यातून मी थेंब थेंब रडू लागलो. मग एक पिवळा पाइप आला. तो म्हणे आपोआप गुंडाळला जातो! मला कोठीच्या मागे फेकून दिले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

त्याच वर्षी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे उजवे अंग लुळे पडले. अंगणाकडे उघडणारी मागची खोली त्यांना दिली, पुढे छोटा व्हरांडा, बसायला खुर्ची. मी अडगळीत गेलो तसे आजोबांना कुणी अडगळ समजले नाही बरं का. उलट सगळे त्यांना फुलासारखे जपत. इतके जपत की त्यांना काही विचारायचेच विसरून गेले. बोलताना जीभ अडखळायची, म्हणून आजोबाही गप्प राहू लागले. जन्मभर हुकूम सोडलेला माणूस तो, मागायचे कसे हे त्याला कधी शिकावेच लागले नव्हते.

दोन वर्षांनी बाबांनी मागच्या अंगणात तलाव बांधायचे मनावर घेतले. तलावांचे नकाशे काढणाऱ्या एक बाई आल्या. डोक्यावर उन्हाची टोपी, कानामागे पेन्सिल, पायात मातीचे बूट. त्यांनी आधी ऊन कुठून कुठे फिरते ते विचारले, सांडपाण्याचा नळ जमिनीखालून कुठे जातो ते शोधले, झाडाची पाने कुठल्या बाजूला गळतात ते पाहिले. मग बाबांनी आपला बेत सांगितला. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद, काटकोनात. स्वयंपाकघराच्या बाजूला उथळ पाणी, म्हणजे भिंगरी आईच्या नजरेसमोर राहील. व्हरांड्याच्या बाजूला खोल, सूर मारण्याजोगे.

"आणि अण्णांच्या व्हरांड्यापुढे कमरेएवढा कठडा हवा," बाबा म्हणाले. ते आजोबांना अण्णा म्हणत. "त्यांचा तोल जातो. आणि पाण्याचा विषयही त्यांना नको असतो. तलाव म्हटलं की तोंड फिरवतात."

आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांनी तोंड फिरवले. बाबांना त्यात नाराजी दिसली. मी कोठीमागून पाहत होतो, मला त्यात डबडबलेले डोळे दिसले.

बाईंनी नकाशाची गुंडाळी केली आणि विचारले, "घरात एखादा जुना पाइप आहे का?"

मित्रांनो, माझ्यातले कोळी घाबरून पळाले, इतका मी आनंदाने थरथरलो!

"कागदावर कुठलाही तलाव छानच दिसतो," बाई म्हणाल्या. "हा पाइप तलावाच्या कडेसारखा जमिनीवर आठ दिवस पडू दे. त्याच्या भोवती चाला, चहा प्या, भांडा. आठव्या दिवशी मी येऊन चुन्याची फक्की मारते. एकदा पांढरी रेघ पडली की दुसऱ्या दिवशी खोदाई. मग बदल नाही."

दहा, चार, दहा, चार. बेरीज करून पाहा, बरोबर अठ्ठावीस. मी पुरलो! माझी दोन टोके कुंपणाच्या बाजूला एकमेकांना टेकली. कोपऱ्यांचे मात्र वांधे झाले. मी वळायचो आणि बाबा माझ्यावर विटा ठेवून मला काटकोन शिकवायचे. भिंगरी माझ्या आत पालथी पडून गवतावर हातपाय मारी आणि आई म्हणे, "अगं, पाणी तरी येऊ दे!"

दुसऱ्या दिवशी पहाटे, घर उठण्याआधी, व्हरांड्यात काठी वाजली. आजोबा एकेक पाऊल टाकत पायरीपर्यंत आले. लुळा खांदा त्यांनी खांबाला टेकवला, डाव्या हातातली काठी उलटी केली आणि तिच्या वाकड्या मुठीत मला अडकवून आपल्याकडे ओढले. वीतभर. मग धाप लागली म्हणून थांबले.

काठीच्या एका ओढीत मला सगळे कळले. या माणसाला पाणी नकोसे झाले नव्हते. पाणी त्यांच्या दारापर्यंत यायला हवे होते, उतरता येईल असे. पण मला तोंडे दोन असली तरी बोलता कुठे येते?

संध्याकाळी बाबांनी पाहिले तर माझ्या टोकांमध्ये वीतभर फट. माझी लांबी ठरलेली, एकीकडे पोट पुढे आले की दुसरीकडे कमी पडणारच. "उन्हानं आखडतो वाटतं," असे म्हणून त्यांनी मला सरळ केले. पहाटे आजोबांनी पुन्हा ओढले. बाबांनी मांजरावर संशय घेतला, मग पिवळ्या पाइपावर, मग भिंगरीवर. भिंगरी बिचारी फुकट बोलणी खाऊन रुसून बसली. सहा दिवस हेच चालले. बाप पहाटे ओढी, मुलगा संध्याकाळी सरळ करी, आणि दोघे जेवताना एकमेकांसमोर बसून मुकाट्याने घास गिळत.

सातव्या संध्याकाळी बाबांचा संयम सुटला. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर लाकडी खुंट्या ठोकल्या. "आता हलून दाखव!" ते मला म्हणाले. व्हरांड्यातल्या खुर्चीची करकर थांबली. मला फार वाईट वाटले. सकाळी फक्की पडणार होती आणि आजोबांचे पाणी कायमचे कठड्यापलीकडे जाणार होते.

पहाटे आजोबा आले. काठीने ओढून पाहिले. मी जागचा हललो नाही. पुन्हा ओढले, काठी निसटली आणि गवतावर जाऊन पडली. आता ते परत जातील असे मला वाटले. पण ते पायरीवर बसले, तिथून घसरत घसरत गवतावर आले आणि डाव्या हाताने खुंटी धरून हलवू लागले. एक खुंटी उपटायला किती वेळ लागला म्हणून सांगू! कपाळावरचा घाम नाकावरून माझ्या अंगावर पडत होता. पाच खुंट्या निघाल्या. मला त्यांनी हवे तसे ओढून घेतले. मग उठायला गेले आणि उठता येईना.

सकाळी बाई फक्कीची पिशवी घेऊन आल्या, मागून बाबा, आई, भिंगरी. पाहतात तो आजोबा तलावात! म्हणजे माझ्या आत, व्हरांड्यापुढच्या फुगवट्यात, ताठ बसलेले, मांडीवर पाच खुंट्या.

"अण्णा! पडलात?" बाबा धावले.

"नाही," आजोबा म्हणाले. "बसलोय."

"इथे? आणि पडला असता म्हणजे? म्हणूनच तर मी कठडा..."

आजोबांनी डावा हात वर केला. शिट्टी नव्हती, पण बाबा जागच्या जागी थांबले. आजोबा एकेक शब्द वेचून बोलू लागले. "पाण्यात... माणूस पडत नाही रे. जमिनीवर पडतो."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा उलट्या पडलेल्या काठीकडे. त्यांचा चेहरा पडला.

"रोज तुम्हीच ओढत होता? मग बोलला का नाहीत, अण्णा? मला वाटलं तुम्हाला पाणी नकोसं झालंय."

"मागता... येत नाही मला," आजोबा म्हणाले. बाबा मटकन खाली बसले, माझ्यावरच. मी हू की चू केले नाही.

बाईंनी मात्र पेन्सिल काढली आणि गवतावर मांडी ठोकली. "आजोबा, इथे बसल्यावर पाणी कुठपर्यंत हवं?" आजोबांनी तळवा छातीला लावला. बाईंनी जमिनीपासून माप घेतले. "पाय किती उचलतो?" चार बोटे. "मग पायऱ्या नकोत, उतार करू." नेहमीच्या ग्राहकाला विचारावे तसे त्या विचारत गेल्या, आणि आजोबा दोन वर्षांत बोलले नव्हते इतके बोलले.

अडचण आईने काढली. तीच त्यांना रोज हाताला धरून चालवत असे. "उतरताना आधाराचा दांडा डाव्या हाताला येईल. पण वर येताना तोच उजवीकडे जाणार की!"

भिंगरी फुगवट्यात शिरली, एक हात पाठीमागे धरून आत गेली, गर्रकन वळून बाहेर आली, पुन्हा आत गेली. "दांडा मधे लावा ना! जाताना याच्या या बाजूनं, येताना त्या बाजूनं."

बाईंनी नकाशावर मधोमध रेघ मारली. उथळ भाग व्हरांड्याकडे आला, कठडा रद्द झाला. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेही टोक दिसतं, मान जरा वळवावी लागेल," आई म्हणाली. सूर मारायची खोली गेली. ती बाबांनी स्वतःच खोडली. काटकोनही गेले, तेव्हा मी विटांखालून सुटलो. मग माझ्या कडेकडेने फक्की पडली.

खोदाई झाली, लोखंडाची जाळी बसली, काँक्रीट ओतले, खरखरीत फरशा आल्या. पाणी भरताना पिवळ्या पाइपाला चौथ्या तासाला पीळ पडला आणि तो आडून बसला. उरलेला तलाव मी भरला, माझ्या सांध्यातल्या गळतीसकट. तीन दिवस लागले. ते माझे शेवटचे मोठे काम.

स्टीलचा दांडा उन्हात तापे आणि ओल्या हाताला निसटे. तेव्हा आईने सुरी घेतली आणि माझा सांध्याजवळचा, सर्वांत मऊ तुकडा कापला. दुखले, खोटे कशाला बोलू. पण दांड्यावर बसलो आणि आजोबांची डावी मूठ माझ्याभोवती आवळली, तेव्हा दुखणे विसरलो.

बाबा पाण्यात हात पसरून उभे होते. आजोबा उतारावरून एकेक पाऊल आत गेले. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागले. मूठ आवळलेलीच होती. छातीला पाणी लागले. मग बोटे एकेक करून सैल झाली. आजोबांनी मला सोडले आणि ते उताणे होऊन तरंगू लागले. बाबा रडू लपवायला घाईघाईने पोहू लागले.

"कोपर... वर!" मागून हुकूम आला. बाबांनी ताबडतोब कोपर वर केले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी सांगायला हवे. जरूर जपा. पण माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्या घरात एखादी रेघ रोज जागची हलत असेल, तर ती नुसती सरळ करू नका, भोवती खुंट्याही ठोकू नका. एकदा पहाटे उठा आणि ती कोण ओढते आहे ते पाहा.